कोरी करकरीत नाणी

न्हाणीघराचं दार अडकलं आणि निवृत्त कॅशियरसाहेब टॉवेलनिशी आत कोंडले गेले. बाहेरून कुलपाच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की दार उघडणार होतं. पण सगळे व्यवहार फोनवर, त्यामुळे घरात सुटं नाणं औषधालाही नव्हतं. होती ती कपाटात, आयुष्यभराची पुंजी ओतून घेतलेली, हवाबंद डब्यांतली, संग्राहक चढ्या भावानं घेतात अशी नव्या सालांची कोरी करकरीत नाणी. डबी फोडली की किंमत मातीमोल.

"हे पुढचंच फोडू का हो?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"अगं, हात नको लावूस! त्याचा भाव दुप्पट झालाय."

"मग काय, तुम्हाला आतच ठेवू?"

"फोनवर आजचे भाव बघ, आणि सगळ्यांत स्वस्त असेल ते फोड."

थोड्या वेळानं बायकोचा आवाज आला, जरा खुशीतच. "अहो, सुटलात! सगळ्यांचेच भाव कोसळलेत. नाण्यावर छापलेली किंमत आली तरी नशीब. आता कुठलंही फोडलं तरी सारखंच!"

आत कॅशियरसाहेबांनी टॉवेल अंगाभोवती घट्ट आवळला.

 

"कपाटाला कुलूप लाव," कॅशियरसाहेब कुडकुडत म्हणाले. "भाव चढेपर्यंत मी इथंच थांबतो."