मुंगीएवढं नाव

"पडद्यावर तर ठळक दिसत होतं की," मोठा कागद दारातल्या उजेडात धरत दगडूअप्पा म्हणाले. मिरजेतल्या त्या छपाईच्या दुकानात ते त्याच कामासाठी दुसऱ्यांदा आले होते. त्यांची लेक लग्न होऊन कॅनडातल्या एका लहान गावी गेली, त्याला सहा वर्षं झाली. अंथरुणाला खिळलेली बायको रोज विचारायची, "पोर नेमकी कुठं राहती?" म्हणून त्यांनी जगाचा नकाशा छापून घेतला होता. पण लेकीच्या गावाचं नाव मुंगीएवढं उतरलं होतं, बायकोला ते वाचताच आलं नाही.

"पडद्याच्या मापाची अक्षरं कागदावर बारीक होतात, अप्पा," दुकानातली निलोफर म्हणाली. तिने अक्षरं चौपट केली. तशी मोठमोठ्या शहरांची नावं पसरली आणि ते गाव त्यांच्याखाली दिसेनासं झालं.

"बाकीची सगळी काढून टाक," अप्पा म्हणाले. "तिचं गाव आणि मिरज, एवढंच ठेव."

संध्याकाळी त्यांनी नवा नकाशा पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. बायकोने पडल्या पडल्या लेकीचं गाव वाचलं, मग मिरज वाचलं. आता ती खूश होईल, असं अप्पांना वाटलं. पण ती दोन नावांच्या मधला मोकळा कागदच कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढं लांब होय हो?" ती म्हणाली. "फोनवर तर सैपाकघरातनं बोलल्यागत वाटतं."