हूक लावलेला होता

सावित्री माडाच्या शेंड्याला पोचली, तेव्हा खाली उभ्या तिच्या लेकीचं, संचिताचं, लक्ष यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतल्या सहाव्या ओळीकडे गेलं. ओळीशेजारी बोटाएवढं चित्र होतं. हुकाच्या तोंडावरची छोटी नळी दोन बोटं फिरवून घट्ट करत होती.

नारळ उतरवणारा पाडेली तीन महिने मिठबावात फिरकला नव्हता. सुके नारळ कौलांवर आदळत होते. म्हणून सावित्रीने माडावर चढायचं यंत्र आणलं. दोन लोखंडी पावलं, एक कमरपट्टा, आणि माडाला वळसा घालून पट्ट्याच्या कडीत हुकाने अडकवायची दोरी. माहिती सगळी इंग्रजीत. "माका कळणा नाय. तू वाच, तू सांगशीत तसा करतंय," म्हणत ती नवऱ्याची जुनी पँट चढवून उभी राहिली होती.

पाचव्या ओळीत 'अटॅच' होतं. "हूक कडयेत लाव," संचिताने सांगितलं. खट्ट आवाज झाला. सहाव्या ओळीत 'फासन' होतं. तिला वाटलं, कंपनीने तेच दोनदा लिहिलंय. ती सातवीवर गेली. बारावीला इंग्रजीत तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते.

अटॅच म्हणजे नुसतं लावणं. फासन म्हणजे लावलेलं सुटणार नाही असं बंद करणं. हे तिला आत्ता कळत होतं, आई चाळीस फुटांवर असताना.

"गो संचिता," वरून हाक आली. "पोचलंय. आता मागे रेलतंय आणि दोनय हात सोडतंय."

आठवी ओळ तीच होती. तिनेच वाचून दाखवली होती.

किंचाळली तर आई दचकेल. संचिताने ओठ ओले केले.

"आये, वायच थांब. माडाक मिठी मार."

"कित्याक?"

"मार गो. हात सोडू नको. आणि हूक बघ."

"आसा मां लागलेलो. तुज्या सांगण्यावरूनच लावलंय."

"लागलेलो आसा. बंद नाय."

सावित्रीने मान वाकवून कमरेकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाज आला. "कडी हुकाच्या तोंडाक इली हा. अर्धी भायर."

संचिताने पुस्तिकेतलं चित्र पुन्हा पाहिलं. शेजारच्या वाडीत कोणीतरी लाकडं फोडत होतं, त्या प्रत्येक घावाला ती दचकत होती.

"एका हातान ती आत ढकल. मगे हुकावरची नळी फिरव. अडापर्यंत फिरव."

"हात सोडूचो लागतलो."

"एकच. दुसऱ्यान घट्ट धर."

यंत्राची लोखंडी पावलं माडावर खडखड वाजू लागली. आई एका हाताने हुकाशी झटत होती, ते खालूनही दिसत होतं. झावळ्या हलल्या. काहीतरी सुटलं आणि धप्पकन पडलं. संचिताने डोळे मिटले. उघडायची हिंमत होईना.

"नारळ पडलो गो," वरून आवाज आला. "मी आसंय."

पुन्हा खडखड. एक, दोन, किती श्वास गेले कोण जाणे.

"फिरली," सावित्री म्हणाली. "अडली."

"आता खाली ये."

"आणि नारळ?"

"रवांदेत. तू खाली ये."

ती उतरायला लागली. एक पाऊल, मग दुसरं. संचिता हात वर करून उभी होती, जणू ते हात काही झेलू शकणार होते. शेवटी सावित्रीचे पाय वाळूला टेकले. तिच्या दंडावर माडाच्या सालीचे ओरखडे होते. तिने माडाला पाठ टेकायचा प्रयत्न केला, पण दोरी अजून आवळलेली होती.

"सोड गो आता," ती म्हणाली.

संचिताने हुकावर हात ठेवला. नळीला बोटं लावली.

"अगो, सोड. जमिनीर आसंय मी."

संचिताने दुसरा हातही आणला, आणि दोन्ही मुठींत तो पट्टा गच्च धरून ठेवला.