नाक कोणाचं?

मोडेमने किंचाळून घर डोक्यावर घेतलं आणि एकदाचं इंटरनेट जोडलं गेलं. सकाळपासून वायरींशी झटणाऱ्या कमलिनीबाई पुढे सरसावल्या. लेकाने अमेरिकेहून पाठवलेला नातीचा पहिला फोटो जुन्या कॉम्प्युटरवर वरून खाली सावकाश उलगडू लागला. आधी जावळ आलं, मग कपाळ.

“कपाळ आमच्या घराण्याचं!” त्रिंबकराव म्हणाले. “नाक तेवढं तुझं नको, म्हणजे झालं.” आणि ते बहिणीला कळवायला आतल्या फोनकडे धावले. त्यांनी रिसीव्हर उचलताच फोटो भुवयांशीच थांबला.

“अहो, त्याच तारेतून नात येतेय! ठेवा फोन!”

बाईंनी पुन्हा जोडणी केली आणि नवऱ्याला शेजारी बसवलं. जावळ, कपाळ, डोळे आणि मग नाक. बसकं, गोल, हुबेहूब आजीचं.

बाईंनी आपणहून कनेक्शन तोडलं, नणंदेचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हाती दिला.

“सांगा वन्संना. नाकापासून सुरुवात करा.”