अंगठ्याआधी

“द्वारके, अंगठा लाव पटकन,” दवाखान्यात मुकादम खेकसला. पोट दुखतंय म्हणाली म्हणून त्यानंच तिला उसाच्या फडातून इथं आणलं होतं.

“थांबा, वाचते.”

डॉक्टर हसले. पण सातवी शिकलेली धाकटी जाऊ, सुमन, गेले तीन महिने रोज पाचटानं शाकारलेल्या कोपीत चुलीपाशी बसवून तिला वाचायला शिकवत होती. द्वारका कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली.

“ग... र्भा... श... य. गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे.”

तिनं कागदावरून मान वर केली.

“डॉक्टर, मला धड तपासलंसुद्धा नाही, आणि थेट पिशवीच काढता?”

“काढली की दर महिन्याचे खाडे बंद,” मुकादम म्हणाला. “टोळीतल्या निम्म्या बायकांनी काढलीय.”

“त्यांना वाचता येत नव्हतं.”

तिनं शाईचा पॅड बाजूला सारला, कागदाची घडी कमरेला खोचली आणि दोन कोस चालत कोपीवर आली.

सुमन भाकरी थापत होती. द्वारकानं कागद तिच्यापुढं ठेवला.

“वाचता आलं, सुमे. आता लिहायला शिकव. तक्रार मी माझ्या हातानं लिहिणार आहे.”