शेवटची पुरचुंडी

हरसूलच्या बाजाराला आली की फुलाबाई नाशिकच्या एसटीत कंडक्टरजवळ लेकासाठी पुरचुंडी द्यायची. अर्जुनाच्या झाडाच्या सालीची भुकटी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. "गोळ्या खा, पण ही सोडू नको, लय गुणाची हाय," असं फोनवर बजावायची. नाथा कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर रोज चमचाभर भुकटी घ्यायचा. आई जाऊन वर्ष होत आलं. शेवटची पुरचुंडी तळाला गेली, तसा तो चमच्यावरून चिमटीवर आला. तीही घेताना जीव खालीवर व्हायचा. आज पोटऱ्या दुखतात म्हणून दवाखान्यात गेला, तेव्हा बायको सविताने पिशवीतून पुरचुंडी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. "गोळीबरोबर हे नको, त्यानेही पोटऱ्या दुखू शकतात. आजपासून बंद करा," डॉक्टर म्हणाले. सविताला वाटलं, हा हुज्जत घालणार. नाथाने पुरचुंडी उचलली, डोळे मिटून वास घेतला आणि चिंधीची गाठ घट्ट आवळली. आता ती कधीच संपणार नव्हती.