तिसरा नट

सिस्टिम्स इंजिनिअर काजलनं काल लढाऊ विमानातल्या खुर्चीचे चारही नट आवळले आणि प्रत्येकावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढली. खुर्ची मशीनवर गदागदा हलवताना नट फिरला, की रेघ तुटते. आज चाचणीनंतर चारही रेघा सलग होत्या. दिल्लीचे अधिकारी संत्राबर्फी खात होते. “कर सही,” तिच्या साहेबांनी चाचणीचा कागद, पेन पुढं केलं. “पाहुणे थांबून राहिले.” काजलनं सवयीनं रेघांवरून बोट फिरवलं. तिसऱ्या रेघेनं बोट लाल झालं. कालचा रंग आज ओला? डोक्यात तिडीक गेली. “शालिकरामभाऊ, ही रेघ तुम्ही ओढली?” “मी काहून ओढू, मॅडम?” फिटर चाचरला. “साहेबानं मले बर्फी आणाले धाडलं.” पेन धरलेल्या साहेबांच्या नखात लाल रंग होता. काजल सगळ्यांदेखत म्हणाली, “माझी सही काहून पाहिजे, सर? तिसऱ्या नटावर तुमची आधीच झाली.”