एकशेपंचवीस टक्के

झेरॉक्सच्या दुकानातल्या मावशींनी दहावीतल्या पोरीची सोडवलेली प्रश्नपत्रिका काचेवर ठेवताना वाचली. ‘चित्र ऐंशी टक्क्यांवर आणले. पुन्हा मूळ मापासाठी किती टक्के करावे?’ पोरीचं उत्तर होतं, एकशेवीस. “एकशेपंचवीस हवं गं,” त्या म्हणाल्या. “वीस घालवले, वीस वाढवले, झालं की!” पोर फणकारली. मावशींनी तिचंच हॉलतिकीट ऐंशी टक्क्यांवर लहान करून छापलं, मग प्रत एकशेवीसने मोठी केली. मूळ तिकिटावर ठेवली, तर आखूडच. एकशेपंचवीसने मात्र रेघेवर रेघ बसली. “असं का होतं, मावशी?” “का ते कुठलं माहीत! कागद वाया घालवून शिकले. गणितातच तर माझी दहावी राहिली.” पोरीने पाठकोऱ्या कागदावर ऐंशी टक्के म्हणजे चार पंचमांश असं लिहिलं, शेजारी ते उलटं करून पाच चतुर्थांश, म्हणजे एकशेपंचवीस टक्के. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. मावशींनी स्टूल ओढलं. “थांबा हो, माझं इथं वीस वर्षं अडलंय!”